काळ्या घळीची वाळू

फार जुनी गोष्ट आहे, समुद्राकाठच्या गावांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती तेव्हाची.

एका बेटावर शिंपले काढणारे पाणबुडे राहत. पाण्यात उतरताना प्रत्येक जण कमरेला दोर बांधी. दोराचं दुसरं टोक होडीत बसलेल्या सोबत्याच्या हातात असे. खालून हिसका बसला, की सोबत्याने त्याला वर ओढून घ्यायचं.

त्याच बेटावर एक मुलगी होती. तिच्याइतका दम कोणालाच नव्हता. पण तिला आपलं असं माणूस नव्हतं. पाळीपाळीने कोणीतरी तिचा दोर धरी, एवढंच. होड्या परतल्या की बायकापोरं आपापल्या माणसाकडे धावत. तिच्या होडीकडे कोणी येत नसे.

बेटाजवळ समुद्रात एक काळी घळ होती. तिचा तळ कोणीही गाठला नव्हता. मुलीला वाटे, तिथली मूठभर वाळू आणली, तर सगळं बेट आपल्याकडे धावत येईल.

एका सकाळी तिने किनाऱ्यावर विचारलं, "मी काळ्या घळीत उतरणार आहे. माझा दोर कोण धरेल?"

"वाळूच हवी ना? मग ही पायाखालची घे की!" एक जण म्हणाला. सगळे हसले.

होड्यांचा प्रमुख असलेला म्हातारा तांडेल मात्र हसला नाही. "पोरी, त्या घळीने माझे दोन भाऊ नेले. तिथे उतरणाऱ्याचा दोर कोणी धरायचा नाही, हा आपला नियम आहे. दोर नाही, तर बुडी नाही."

"पण तांडेलकाका..."

"नाही म्हटलं ना!"

सगळे कामाला लागले. नियम पाळला म्हणून त्यांना बरं वाटलं. दिवसभर तिच्याशी कोणी बोललं नाही. रागाने नव्हे, काय बोलावं तेच कोणाला सुचेना.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. दोराचं टोक तिने होडीच्या फळीला बांधलं आणि उडी घेतली.

"अहो, ती होडी बघा!" तांडेलाची बायको किनाऱ्यावरून ओरडली. "तिच्यात कोणीच नाही!"

तांडेल जीव खाऊन वल्हवत पोचला. दोराला हिसके बसत होते. फळी नुसती थरथरत होती. फळीला कुठे ओढता येतं?

त्याने तिला वर काढलं. तिचे ओठ निळे पडले होते, कानांतून रक्त येत होतं. बऱ्याच वेळाने तिचा श्वास परतला. तिच्या घट्ट मुठीत वाळू नव्हती, दोर होता.

ती वाचली, पण तिचे कान गेले ते गेलेच. ती पुन्हा कधी पाण्यात उतरू शकली नाही.

"आपण हिला नियम सांगितला आणि कामाला लागलो," तांडेल सगळ्यांना म्हणाला. "हिच्यापाशी कोणी बसलं नाही."

तेव्हापासून कोणी काळ्या घळीचं नाव काढलं, की बेटावरची माणसं त्याला आपल्या होडीत घेत, रात्री आपल्या ओटीवर झोपवत. सगळ्यांत आधी ती मुलगी जाई. एकदा घळीत उतरायचा हट्ट धरलेला एक तरुण रुसून किनाऱ्यावर बसला होता. ती भाकरी घेऊन त्याच्याजवळ गेली.

"मला अडवायला आलीस?" त्याने खुणेनेच विचारलं.

"नाही, जेवायला आले. सरक जरा."

तो सरकला. त्या घळीत पुन्हा कोणी उतरलं नाही.

तात्पर्य: ज्याला धोक्यापासून अडवायचं, त्याला एकटं सोडू नये.