दुर्गी म्हणे

ज्याने दुसऱ्याच्या गाण्यातलं नाव पुसून आपलं घातलं, त्याने चोरीच केली. मग त्याच्या अंगावर कितीही शाली पडोत.

माळशेंदला तळं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. बांध घालायला दगड ओढणारे वडार आले, त्यांत दुर्गव्वा होती. तिचा नवरा दगडाखाली गेला होता. त्या दिवसापासून ती दोरापुढे उभी राहून गायची आणि तिच्या आवाजावर चाळीस माणसं दगड ओढायची.

ऊन पाठीला, दोर हाताला,
चल रं दगडा पाण्याला;
दुर्गी म्हणे, धनी गेला तुझ्याखाली,
तरी रुसले न्हाई मी तुला.

‘दुर्गी म्हणे’ आलं की सगळे एकदम जोर लावत. त्या गाण्याने दगडालाही घाम फुटायचा, असं म्हणतात.

पाटलांच्या पदरी रंगनाथ नावाचा शाहीर होता. त्याने हे गाणं उचललं, दुर्गीच्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि जत्रेत वाहवा मिळवली. पुढे बांधाचा शेवटचा, हत्तीएवढा दगड बसवायचा दिवस आला, तेव्हा पाटील म्हणाले, “आज शाहीर गातील.”

शाहिराने आपल्या नावावर अशी लांब तान घेतली, की कुणी आधी ओढलं, कुणी मागाहून. दोर तटातट तुटले. दगड हातभर रुतला. पावसाला चारच दिवस उरले होते. बांध अपुरा राहिला तर सगळाच वाहून जाणार.

नवे दोर बांधले. पाटील दुर्गव्वाला म्हणाले, “तू गा. पण नाव शाहिरांचंच राहू दे. चारचौघांत झालंय आता.”

“त्यांचं नाव माझ्या तोंडून निघायचं न्हाई, पाटील. माझं नको, तर तेवढी जागा रिकामी ठेवते.”

ती गायली. नावाच्या जागी आली आणि गप्प झाली. नुसता वारा वाहत राहिला. मग चाळीस गळ्यांतून एकदम उमटलं, “दुर्गी म्हणे!”

दोर सैल पडले. दगड आपल्या पायांनी चढण चढला आणि जागेवर जाऊन बसला, असं म्हणतात. शेवटचा दोर शाहिरानेही धरला होता, असंही म्हणतात.

तेव्हापासून माळशेंदला कुठलंही गाणं सुरू होण्याआधी ते कुणी केलं ते सांगतात. परवा एका वरातीत परगावच्या डीजेवाल्याने एक उदास, गोड गाणं लावलं. म्हातारी सोनाक्का आडवी आली.

“कुणाचं हाय हे?”

“काय माहीत, आजी. मोबाइलवर आलं.”

सोनाक्काने रस्त्यातच मांडी घातली. “मोबाइलचं कोण मेलंय, त्यानं असं गाणं करायला? नाव हुडक, बाबा. वरात थांबंल.”