तपकिरीच्या डबीतला प्रोसेसर

हळदीची मोठी बाजारपेठ असलेल्या एका गावी एकदा एक वृद्ध कारागीर होते. खेळण्यासाठी लागणारे बलदंड संगणक सुटे भाग जोडून बांधण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. लोक त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी एका संगणकात बसवलेला पंखा म्हणे इतका जोरकस निघाला, की समोरच्या गच्चीवरचे पापड एका दुपारीत वाळले आणि दुसऱ्या दुपारी शेजारणीच्या गच्चीवर जाऊन पडले. ते पापड नक्की कोणाचे, हा वाद अजून मिटलेला नाही.

अण्णांची एक शिष्या होती. दूरच्या खेड्यातून आलेली, पिठाची गिरणी चालवणाऱ्याची लेक. हात सफाईदार, नजर तीक्ष्ण. पण गिऱ्हाईक तिच्याकडे बघतच नसे. दारातून पहिला प्रश्न यायचा, "अण्णा आहेत का?" अण्णा असायचे. कोपऱ्यातल्या खुर्चीत तपकीर ओढत बसलेले. "हिच्याशी बोला," एवढेच म्हणायचे आणि बसून राहायचे. वर्षभर हेच चालले. शिष्येला वाटे, यांचा आपल्यावर भरवसा नाही, म्हणून हा पहारा. अखेर तिने मनाशी ठरवले, पुढचा संगणक कोणाला न विचारता एकटीने उभा करायचा. उभा राहिला तर आपण इथे राहू. नाहीतर गिरणीचा पट्टा आहेच.

त्याच आठवड्यात हळदीचे एक व्यापारी आले. बोटे पिवळी, चेहरा रडवेला. डॉक्टरांनी त्यांचे मोटार चालवणे बंद केले होते, म्हणून ते नातवंडांबरोबर संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळत. पण जुना संगणक ऐन वळणावर थबके.

"अहो, पोरं मला बैलगाडी म्हणतात!" व्यापारी म्हणाले. "सगळं सामान आणलंय, काही नवं, काही पुतण्याच्या गोदामातलं. रविवारच्या आत हवा. अण्णा, तुम्हीच हात लावा हं."

"हिच्याशी बोला," अण्णा म्हणाले.

सुटे भाग विकत घेणे सोपे. ते एकमेकांचे होणे अवघड. शिष्येने चार पाने भरून ताळा घेतला. मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग ज्याच्या अंगाखांद्यावर बसतात त्या पाटीवर, प्रोसेसरची खाच त्याच जातीची आहे ना? ग्राफिक्स कार्ड लांबीला पेटीत मावते ना? एवढ्या मंडळींना वीज पुरेल ना? सगळे जुळले. तिने संगणक बांधला आणि बटण दाबले.

पंखे फिरले. दिवे लागले. पडदा मात्र काळाच.

तिने सगळे उकलले, पुन्हा बांधले. एकदा नव्हे, तीनदा. पडदा काळा तो काळाच. शनिवारी दुपारी तिने आपली पिशवी भरायला घेतली.

"काय जुळलं नाही?" अण्णांनी विचारले.

"सगळं जुळलंय, तेच तर! प्रोसेसर खाचेत चपखल बसलाय, तरी बोर्ड ढिम्म. माझ्याच हाताला यश नाही, अण्णा."

"हाताचं नंतर बघू. तो नवा प्रोसेसर उतरव."

अण्णांनी खिशातून तपकिरीची डबी काढली. एक नव्हे, दोन निघाल्या. दुसरीत कापसाच्या गादीवर एक जुनाट प्रोसेसर झोपला होता. "हा बसव."

"हा? शेटजींनी बाजारातला सगळ्यात नवा आणलाय, आणि तुम्ही या आजोबांना बसवताय? यावर मोटार सोडा, गोगलगायसुद्धा पळायची नाही!"

"बसव तर खरं."

तिने रागारागाने बसवला. बटण दाबले आणि पडदा उजळला! अण्णांनी एक पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या पावलाने सरकू लागली. रेघ पुरी होईपर्यंत अण्णांनी तिला ना बटणाला हात लावू दिला, ना पिशवीला.

"आता आजोबांना उतरव. नव्याला बसव."

या खेपेस पडद्यावर नव्या प्रोसेसरचे नाव झळकले.

अण्णा म्हणाले, "हा बोर्ड शेटजींच्या पुतण्याच्या गोदामात दीड वर्ष पडून होता. आणि हा प्रोसेसर बाजारात आला याच महिन्यात. खाच तीच, पण बोर्ड घडला तेव्हा हा जन्मलाच नव्हता. बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या उपजत अकलेत, याचं नाव कुठून असणार? ते पेन ड्राइव्हमधून आत्ता घातलं, पण ते वाचायला बोर्ड आधी जागा व्हावा लागतो, आणि तो जागा झाला ओळखीच्या या आजोबांमुळे. दारातल्या पाहुण्याला घरानं ओळखलं नाही, म्हणून पाहुणा वाईट ठरत नाही, आणि घरही नाही. घराच्या ओळखीतल्या कोणीतरी आत जाऊन सांगावं लागतं, की हा आपलाच आहे. त्याला बळ लागत नाही, बाळ, जुनी ओळख लागते. फक्त एक पथ्य. सांगून झालं, की त्यानं जागा सोडावी."

शिष्येने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "अण्णा, म्हणजे वर्षभर तुम्ही त्या खुर्चीत..."

"मी तपकीर ओढत होतो," अण्णा म्हणाले आणि एवढ्या मोठ्याने शिंकले, की पिशवी आपसूक खुंटीवर जाऊन बसली, असे सांगणारे सांगतात.

रविवारी व्यापारी शर्यतीत तिसरे आले. मोटारी तीनच होत्या. पण बैलगाडी कोणी म्हणाले नाही.

सोमवारी शिष्येने दुकान उघडले, तेव्हा कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. तिच्यावर ती दुसरी डबी ठेवलेली. थोड्या वेळाने एक तरुण खोकी कवटाळून दारात आला. त्याने खुर्चीकडे पाहिले, क्षणभर घुटमळला, आणि मग वळला तिच्याकडे.

"ताई, हळदवाले शेटजी म्हणाले, तुम्हालाच विचार. हे सगळं एकमेकांना जुळेल ना?"

शिष्येने आपली चार पाने पुढे ओढली. शेवटच्या पानावर, तळाशी, एक नवा प्रश्न लिहिलेला होता.

"बघू या की," ती म्हणाली. "बसा. आधी सांगा, हा बोर्ड कधीपासून पडून आहे?"