अत्तरवाल्याचा काचेचा हौद

फार पूर्वी एका नगरात एक अत्तरवाला राहत असे. त्याचं नाक मोठं तिखट, आणि मन महासंशयी. दूधवाली हसली तर म्हणे, "आज पाणी जास्त घातलंय वाटतं!" आणि नाही हसली तर म्हणे, "बघा, मनात पाप आहे."

त्याची बायको वारली तेव्हा तिची एकच आठवण मागे राहिली. काचेच्या हौदातले तिचे सात मासे. त्यातल्या पिवळ्याधमक मासोळीला ती हळदुली म्हणायची. अत्तरवाल्याचा साऱ्या जगात जीव होता तो त्या हळदुलीवर.

वैशाख लागला. उन्हाने अंगणात पाय ठेववेना. एके दिवशी दुकानातून परतल्यावर त्याला हौदाच्या खोलीत ओल्या मातीचा वास आला. दुसऱ्या दिवशीही तोच वास. फरशी दमट, काचेवर पाण्याचे ओघळ.

"मी नसताना कोणीतरी येतंय!" त्याने मासे मोजले. सात. पुन्हा मोजले. सातच. "आज नेले नाहीत, म्हणजे उद्या नेणार." घ्या! संशयाला पुरावा सापडला तरी चालतो, नाही सापडला तरी चालतो.

ओली माती म्हणजे शेजारची कुंभारीण, दुसरं कोण! "गळकी मडकी तपासायला माझा हौद वापरते ही बया!" त्याने खिडकीला खिळे ठोकले, दाराला भलंमोठं कुलूप घातलं आणि खुशाल दुकानात जाऊन बसला.

दुपारी कुंभारीण धापा टाकत दुकानात आली. "काका, जरा किल्ली द्या. हौदाचं पाणी तापलं असेल हो!"

"चोर तर चोर, वर शिरजोर! माझा हौद, माझं पाणी, मी बघेन. नीघ!"

उन्हं कलल्यावर तो घरी आला. खोलीत मातीचा वास नव्हता. त्याला केवढा आनंद झाला! मग त्याने हौदाकडे पाहिलं. सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट.

"विष घातलं मेलीने!" असं ओरडत त्याने गार पाण्याची घागर उचलली. तेवढ्यात ओरडा ऐकून आलेल्या कुंभारणीने त्याचा हात धरला.

"थांबा! एकदम गार ओतलंत, तर आहेत तेही मरतील."

तिने खिडकीचे खिळे उपटले. हौदाभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. गार पाण्याने भरलेलं मडकं अलगद हौदात सोडलं, आणि हौदातलंच पाणी तांब्याने उंचावरून बारीक धारेने पुन्हा पुन्हा सोडत राहिली, वारा मिसळावा म्हणून. हळूहळू सहा मासे खाली गेले. हळदुली मात्र वरच तरंगत राहिली.

अत्तरवाला मटकन खाली बसला. "अगं, मला आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा आले होते, काका. दोन्ही वेळा तुम्ही दाराआडूनच खेकसलात, 'काय हवंय?' मी घाबरून तशीच परत फिरले. काकूंना मी शब्द दिला होता, उन्हाळ्यात मासे सांभाळीन म्हणून. मग खिडकीतून यायला लागले."

अत्तरवाल्याने डोळे पुसले आणि कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "उद्या दारातून ये, पोरी," तो म्हणाला.

तात्पर्य: संशयाच्या कुलपाने चोर अडतो की नाही कोण जाणे, आपलं माणूस मात्र नक्की बाहेर अडतं.