घाटातलं ग्रीस

यंत्रं माणसांपेक्षा शहाणी होती, त्या काळची गोष्ट. एका जीपच्या चाकातलं नवंकोरं बेअरिंग आज पहिल्यांदाच घाट उतरणार होतं. आनंदाने त्याच्या गोळ्या थुईथुई नाचत होत्या!

सीटखाली ग्रीसचे दोन डबे होते. घट्ट, काळ्या ग्रीसला सगळे काका म्हणत. काका म्हणाले, “बाळा, घाटात ब्रेक तापतात. मला घे.”

“तुम्ही फार चिवट, काका!” म्हणत बेअरिंगने मऊ, गोडबोलं पिवळं ग्रीस माखून घेतलं.

अर्ध्या घाटात ब्रेक तापले आणि पिवळं ग्रीस वितळून वाहू लागलं. चाक डुगडुगलं. खाली दरी!

“अरे, कुठे निघालास?” बेअरिंग किंचाळलं.

“खाली. तुलाही तिकडेच जायचंय ना?”

किरकिरत, कसंबसं पायथ्याशी पोचल्यावर बेअरिंग ओरडलं, “काका, लवकर या!”

“येतो,” काका म्हणाले. “पण आधी ते पिवळं पुसून काढ. मी कुणातही मिसळत नाही.”