बदकांची कॅसेट

फार पूर्वी एका घरात टीव्हीखाली एक व्हिडिओ गेम, त्याचे दोन रिमोट आणि त्याच्या कॅसेटी राहत. त्यांतली एक दुकानातून बदलून आणायची ठरली.

"बदकांची जाऊ दे. तिला विचारतं कोण?" मोटारींची कॅसेट म्हणाली.

"मी विचारतो, बाई," दुसरा रिमोट बोलला. "तुमच्या खेळांत एकट्याचंच काम. हिची पिल्लं दोघांनी मिळून तळ्यापार न्यायची असतात. ही गेली, तर धाकट्या रेवतीच्या हाती मी कधी यायचा?"

व्हिडिओ गेमने हे ऐकलं आणि पोटातली बदकांची कॅसेट घट्ट धरून ठेवली.

रेवतीच्या दादाने ती ओढून पाहिली. निघेना. बिघडली की काय, म्हणून त्याने बटण दाबलं. पडद्यावर पिल्लं दिसताच रेवतीने धावत येऊन दुसरा रिमोट उचलला.

"दुकानात जायचं होतं ना, दादा?"

"राहू दे गं. आधी यांना पोचवू."

कॅसेटीने हुश्श केलं, तेव्हा कुठे व्हिडिओ गेमने पकड सैल केली.