एका रेघेची चकती

त्या प्रदेशात झरा एकच होता आणि झऱ्याभोवती काटेरी कुंपण होते. कुंपणाला दारही एकच. दाराशेजारच्या खडकात कासवाच्या पायाचा ठसा होता. कासव केव्हाच निघून गेले होते. त्याच्या ठशाबद्दल कोणी खात्री देत नसे आणि कोणी मागतही नसे. बाकीच्या सगळ्या खात्रीची सुरुवात तिथून होई.

बाहेरून येणाऱ्याने गळ्यात वाळलेल्या मातीच्या चकत्या बांधून यायचे, असा नियम होता. प्रत्येक चकतीवर दोन ठसे असत. एक ज्याची चकती त्याचा, दुसरा त्याच्याबद्दल शब्द देणाऱ्याचा. दोऱ्यात पुढची चकती त्या शब्द देणाऱ्याची, तिच्यावर त्याला शब्द देणाऱ्याचा ठसा. असे करत करत शेवटचा ठसा खडकातल्या ठशाशी जुळला पाहिजे. शिवाय चकतीवर तिच्या मुदतीची खूण असे आणि कडेला रेघा असत. एक रेघ म्हणजे याला आत येऊ द्या. दोन रेघा म्हणजे हा ज्याला पाठवेल त्यालाही येऊ द्या.

दारावर एक तरुण सशीण होती. ती फार बोलत नसे. बोलायची वेळ आली की आधी तिचे कान खाली पडत.

तिच्या आधी तिथे घोरपड होती. घोरपड ठसे मोठ्या काळजीने जुळवी, पण रेघा फक्त पाहुण्याच्या चकतीवरच्या पाही. मधल्या चकत्यांच्या कडा पाहायचे तिला सुचलेच नव्हते. मधल्या चकतीला एकच रेघ असलेल्या अशाच एका दोऱ्यावर रानडुकरे आत आली आणि झऱ्यात लोळली. त्या वर्षी घाण पाण्याने निम्मी पिल्ले गेली. सशिणीची दोन धाकटी भावंडे त्यांत होती.

यंदा झरा गाळाने बुजत चालला होता. धार गवताच्या काडीएवढी उरली होती आणि पिल्ले ओले दगड चाटत होती. अशा वेळी दारात साळिंदर आला.

"गाळ काढून देतो," तो म्हणाला. "माझी नखं बघा. एका दिवसाचं काम."

आतले सगळे दाराशी गोळा झाले. सशिणीने त्याचा दोरा घेतला. तीन चकत्या होत्या. साळिंदराबद्दल शब्द देणारा ठसा एका सशाच्या उजव्या पंजाचा होता, एक बोट किंचित वाकडे असलेला. तो तिच्या बापाचा पंजा होता.

तिचा बाप टेकडीपलीकडे राहत असे आणि तळ्यावरच्या बगळ्याचे निरोप झऱ्यापर्यंत आणत असे. सगळीकडे त्याला मान होता. त्याचा उजवा पंजा कायम ओल्या मातीने माखलेला असे, कारण कोणीही गोड बोलून मागितले की तो चकतीवर ठसा उमटवून देई. "माझा पंजा कुठंही चालतो," असे तो ऐटीत सांगे.

बापाच्या चकतीवर बगळ्याचा ठसा होता. बगळ्याच्या चकतीवर कासवाचा. तो खडकाशी जुळला. मुदतीही संपल्या नव्हत्या. मग तिने कडा पाहिल्या. बगळ्याच्या चकतीला दोन रेघा होत्या. बापाच्या चकतीला एक.

"दार उघडता येणार नाही," ती म्हणाली.

"का गं? ठसे खोटे आहेत?" म्हाताऱ्या खारीने विचारले.

"सगळे खरे आहेत. पण आबांना फक्त यायची मुभा आहे. दुसऱ्याला पाठवायची नाही."

"स्वतःच्या बापाला ओळखेना ही!" मागून कोणीतरी टोमणा मारला.

"ओळखते," ती म्हणाली. "म्हणून तर दोनदा पाहिलं."

साळिंदर दोरा घेऊन परत गेला. धार आणखी बारीक झाली. खारीने बजावले, "ही धार तुटली ना, तर दारावर दुसरं कोणी बसेल."

"बसवा," सशीण म्हणाली. "त्यालाही मी कडा दाखवीन."

तिसऱ्या दिवशी बाप तरातरा आला. मागे साळिंदर मान खाली घालून उभा होता.

"माझा पंजा खोटा?"

"खरा आहे, आबा. लांबूनच ओळखला मी. तुमच्या चकतीची कड तेवढी बघा."

इतकी वर्षे तशीच चकती त्याच्या गळ्यात होती. त्याने ती पहिल्यांदाच फिरवून पाहिली. कडेवरून पंजा फिरवला तेव्हा पंजाची माती खाचेत भरली आणि रेघ स्पष्ट दिसली. एकच.

"ती डुकरं," त्याने हळूच विचारले, "ती कोणाच्या शब्दावर आत आली होती?"

"त्या चकत्या तेव्हाच तुडवल्या गेल्या, आबा. आता कळायचं नाही."

साळिंदराला घेऊन तो तळ्याच्या वाटेला लागला.

दोन दिवसांनी दोघे परत आले. या वेळी साळिंदराच्या दोऱ्यात दोनच चकत्या होत्या, त्याची आणि बगळ्याची. बगळ्याने त्याला दिवसभर तळ्याचा काठ उकरायला लावला होता, जवळ उभे राहून पाहिले होते आणि मगच पाय मातीत दाबला होता. सशिणीने ठसे पाहिले, मुदती पाहिल्या, कडा पाहिल्या आणि दार उघडले. साळिंदर आत गेला, दार लागले. उन्हे कलायच्या आत झऱ्याचा आवाज कुंपणाबाहेर ऐकू येऊ लागला.

बाप अजून बाहेरच होता. त्याच्यामागे आणखी पाचसहा जण येऊन थांबले होते.

"अगं, आता तुझ्या बापाला तरी तसंच आत घे," खार आतून म्हणाली. "पाणी त्याच्यामुळं आलंय."

सशिणीचे कान खाली पडले. ती काही बोलणार, तेवढ्यात बापाने स्वतःच दोरा काढून काट्यांमधून आत सरकवला.

"बघू दे तिला," मागे वळून तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "नीट बघते ती. माझी लेक आहे."

तिने पहिला ठसा पाहिला. दुसरा पाहिला. खडकाशी जुळवला. चकती फिरवून कड पाहिली. वेळ लागला. तोवर तो दारापुढे ताठ कानांनी उभा होता. उजवा पंजा त्याने छातीपाशी उंच धरला होता. तो इतका स्वच्छ धुतलेला होता की त्याचे वाकडे बोट रांगेतल्या शेवटच्यालाही दिसत होते.