गव्याच्या पाठीवरची गादी

मुलांनो, आजाराची बातमी आली तो दिवस अगदी रोजच्यासारखा होता. एका जंगलात नदीकाठी एक गवा राहत असे आणि लहान प्राण्यांना पाठीवर बसवून पलीकडच्या जांभळीच्या बनात पोहोचवत असे. नदीचे पाणी त्याच्या पोटापर्यंतच येई. आपल्या पाठीला थेंबही शिवत नाही, याचा त्याला मोठा अभिमान. बसणाऱ्यांसाठी त्याने पाठीवर मऊ गवताची गादी घातली होती. त्या दिवशीही तो काठावर उभा होता आणि त्याची सोबतीण साळुंकी त्याच्या कानाशी बसली होती. रांग मात्र शेजारच्या कासवापुढे लागली होती.

कासव एका खेपेला चौघांनाच नेई. शिवाय दर खेपेनंतर बुडी मारून तळाच्या वाळूत पाठ घासून घेई. तेवढा वेळ रांग मुकाट थांबे. गव्याला ते बघवत नसे.

"काय मामा, झाली का आंघोळ?" तो मोठ्याने विचारी. "का अजून उटणं लावायचं राहिलंय?"

"झालीच, दादा," कासव म्हणे.

"दादा, रांग तिकडे का लागते ते कळतंय ना?" साळुंकी त्याच्या कानात म्हणाली. "ही गादी वास मारतेय. पोरं हिच्यावरच जांभळं खातात, हिच्यावरच घाण करतात. जुनं गवत काढून टाक आणि एकदा खोल पाण्यात बसून घे."

"म्हणजे त्या परातीएवढ्या कासवाची नक्कल करू? सारं जंगल म्हणेल, गवा कासवाकडून शिकला!"

"म्हणू दे की."

तेवढ्यात खार धापा टाकत आली. "गवेदादा, सशाची तिन्ही पोरं हगवणीनं आडवी झालीत. मुंगूसही. काल सगळी तुमच्याच पाठीवर होती हो!"

"त्या कासवानंच पसरवलं असेल," गवा फुरफुरला. "सदा ओलं ते. ओल्या पाठीवरच रोग धरतो."

रांगेतून कोणी हलले नाही. मग गव्याने हट्टाने ताजे गवत आणले आणि जुन्या गादीवरच पसरले. वर रानफुले घातली. "आता बघू, कोण जातंय तिकडे!" सवयीने साळुंकी गादीत अडकलेले जांभळाचे तुकडे टिपत राहिली. दुसऱ्या दिवशी तिला उडवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने प्राण सोडला.

ती बसायची तो कान झटकायचाही गव्याला धीर होईना. मग तो कासवाजवळ आला.

"मामा, तुमच्या पाठीवर तर कधी काही दिसत नाही. मग रोज धुता काय?"

"दिसत नाहीत ते रोगजंतू, दादा. पाठीवरून एक उतरतो, दुसरा बसतो, आणि तेच हात तोंडात जातात. तुम्ही विचाराल असं मला वाटत होतं."

"मी कसा विचारणार? तुमची रांग बघून माझा जीव जळत होता."

गव्याने खडकाला पाठ घासून सगळी गादी काठावरच्या उन्हात पाडली. खाली तळाशी गवत काळे पडून चिकट झाले होते. मग तो खोल पाण्यात गळ्यापर्यंत बसला. तेव्हापासून तो दर खेपेनंतर तसा बसतो आणि त्याची रांगही थांबते. सशाची पोरे आणि मुंगूस बरी झाली, तीही आता त्याच्या पाठीवर बसतात. साळुंकीला 'तुझं खरं होतं' एवढे म्हणायचे मात्र राहून गेले.

तात्पर्य : अनेकांनी बसायची जागा रोज स्वच्छ करावी, आणि एखादी चांगली सवय, ती ज्याची आहे त्याचा हेवा वाटतो म्हणून नाकारू नये, कारण त्याची किंमत आपल्या भरवशावर बसलेल्यांना मोजावी लागते.